फट पडली का?

५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

कोळी बसला! तू तुमच्या डेंटल लॅबमध्ये बनवलेला, माझ्याच टाळूच्या मापाचा, चार पायांचा आणि पोटात स्क्रू असलेला कोळी आज दुपारी डॉक्टरांनी माझ्या वरच्या दाढांना चिकटवला. फोनच करणार होते, पण माझ्या तोंडातून आता ‘स’ निघत नाही, ‘श’ही निघत नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी थुंकीसकट निघतं. तू राँग नंबर म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र. कागदावर माझे सगळे स जागच्या जागी आहेत, बघ: ससा, सासू, सरसकट.

डॉक्टर म्हणाले, माझा वरचा जबडा अरुंद आहे. त्यामुळे खालचे दात बाहेरून मिटतात आणि चावताना माझी हनुवटी एका बाजूला सरकते. (बाबा म्हणतात, तरीच ही सगळ्यांना वेडावून दाखवतेय असं वाटायचं.) रोज सकाळी एकदा बारीक किल्ली स्क्रूच्या भोकात घालून घशाकडे ढकलायची, की कोळी पाय ताणतो आणि टाळू थोडी थोडी रुंद होते. आठ-दहा दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडली, की समजायचं टाळू उघडली. मला चौदावं लागलंय, म्हणजे आम्ही वेळेत पोचलोय पण अगदी काठावर. आता उघडली नाही तर मोठी झाल्यावर ऑपरेशन. ‘मोठी झाल्यावर चष्मा लागेल’ म्हणावं इतक्या सहज बोलले ते. मी हसले, पण ते खोटं हसू होतं, तुला म्हणून सांगते.

किल्ली कुणी फिरवायची यावर घरात सभा भरली. आईने माझ्या तोंडात एकदा डोकावून बघितलं आणि ती खुर्चीवर बसली. बाबांची बोटं तुला माहीत आहेत, एक बोट गेलं की तोंडात जागाच उरत नाही. तेवढ्यात आजोबा उठले, हात धुऊन आले आणि म्हणाले, “जन्म गेला माझा घड्याळांच्या पोटात किल्ल्या घालण्यात. आण इकडे.” झालं! दुकान बंद केल्यापासून त्यांचा आवाज मी एवढा खणखणीत ऐकला नव्हता.

आईला मात्र फटीची भारी धास्ती. पोरीचे इतके छान दात आणि त्यात मुद्दाम फट पाडायची? हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला की ती डोळे वटारते. आजोबा म्हणतात, “फट म्हणता ब्रह्महत्या म्हणतात ती हीच.”

तुझी बोबडी,
ठकी


८ ऑक्टोबर

ठके,

तुझं पत्र मी लॅबमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. सरसकट सगळे हसले!

एक गंमत सांगते. तुमच्या डॉक्टरांकडून ठसा आला तेव्हा पाकिटावर नाव नव्हतं, नुसता नंबर. मी प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर साचा उघडला आणि बघते तर उजवा सुळा खांदा पुढे काढून उभा. अगं, हा तर आपल्या घराण्याचा सुळा! तुझ्या बाबाचा तसाच, माझाही तसाच. “ही माझी भाची आहे, हिला कुणी हात लावायचा नाही,” असं मी सगळ्या खोलीला ओरडून सांगितलं. दाढांच्या कड्या मीच वाकवल्या, तारेला डाख मीच दिला, आणि कोळ्याचे पाय इतके घासले की आरशासारखे चमकायला लागले. तुझ्या जिभेला एक ओरखडा उठला तर नाव बदलेन.

आता टाळूचं ऐक. ती एकसंध नसते. मध्यावर उभी शिवण असते, उशीच्या अभ्र्याला असते तशी. लहानपणी ती शिवण कच्ची असते, वय वाढतं तशी पक्की होते. तुझी अजून उसवेल. कोळी दोन्ही बाजूंना रेटत राहणार आणि एका सकाळी शिवण सुटणार. फट म्हणजे त्याची पावती. पुढे ती आपोआप मिटते, मग तारा लावून दात ओळीत येतात. वहिनीला सांग, महिनाभर फटीची मुलगी, मग जन्मभर सरळ हनुवटीची.

नाकाच्या मुळाशी दाबल्यासारखं वाटेल, दात ताणल्यासारखे वाटतील. घाबरू नकोस. आप्पांनी किल्ली घेतली हे वाचून तर मला नाचावंसं वाटलं. त्या हातांपेक्षा चांगले हात तुला मिळायचे नाहीत.

तुझी,
आत्या


१६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

फट पडली नाही.

रोज सकाळी मी उठते ती थेट आरशापुढे. माझ्या मागे आई, तिच्या मागे बाबा, आणि सगळ्यांच्या मागून आजोबांचा आवाज, “फट पडली का?” शेजारच्या काकू जिन्यात विचारतात, “पडली का गं?” वर्गात बाकावरच्या मैत्रिणीने माझ्या दातांत कागदाचा तुकडा घालून बघितला, तो जाईना. ज्या आईला फट नको होती ती आता टॉर्च घेऊन शोधते!

मला मात्र काहीही दुखत नाही. तू लिहिलं होतंस नाकाशी दाबतं, दात ताणतात. काहीच नाही! आजोबा म्हणतात, “आमची ठकी वाघीण आहे. हूं नाही की चूं नाही.” मला स्वतःचा अभिमान वाटायला लागलाय. निदान एवढं तरी जमतंय.

डॉक्टर परगावी कसल्याशा प्रशिक्षणाला गेलेत. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना फोनवर विचारून सांगितलं, की फिरवत राहा, आठ नोव्हेंबरला या. तोवर फट नसेल तर हाड पक्कं झालं असं धरायचं आणि कोळी काढून टाकायचा. मग अठरा वर्षांची होईपर्यंत वाट बघायची आणि ऑपरेशन. आईने फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. आधी चिरलेली भाजी तिने परत चिरली.

आत्या, माझी शिवण पक्की झाली असेल का? खरं सांग. ऑपरेशनमध्ये म्हणे टाळूचं हाड कापतात. मी घरात कुणाला विचारत नाही, कारण मी वाघीण आहे.

ठकी


१९ ऑक्टोबर

ठके,

काही पक्की बिक्की झालेली नाही. दात असतात हट्टी, घराण्यावर गेलेत. कुणाची फट लवकर पडते, कुणाची उशिरा. तू मस्त राहा, मऊ खा, मोठ्याने गा.

एक काम मात्र कर. सकाळी किल्ली फिरवतात तेव्हा काय काय होतं ते मला बैजवार लिही. कोण कुठे बसतं, किल्ली कशी धरतात, कुठे घालतात, कशी काढतात, सगळं. काही विशेष कारण नाही गं, इथे सगळ्यांना तुझी पत्रं ऐकायची चटक लागलीय म्हणून. पण लिही हं. हे मिळालं की लगेच लिही. पत्र पेटीत टाकल्याशिवाय शाळेत जाऊ नकोस.

आत्या


२२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

घे, बैजवार!

सकाळी दात घासून मी खिडकीपाशी जाते. आजोबांनी तिथे त्यांची दुकानातली खुर्ची मांडलीय, समोर माझं स्टूल. ते डोळ्यात भिंग लावतात, किल्लीला बांधलेला दोरा बोटाला गुंडाळतात आणि म्हणतात, “दार उघडा.” म्हणजे मी तोंड उघडायचं. “जीभ खाली. हसायचं नाही. यंत्र हसलं तर कारागिराने काय करावं?” यावर मला हमखास हसू येतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

किल्ली ते चिमटीत अलगद धरतात. पुढच्या भोकात घालतात आणि घशाकडे ढकलतात, एकदम सावकाश, पार मागपर्यंत. नवीन भोक दिसायला लागलं की “हां!” म्हणतात. पण किल्ली लगेच काढत नाहीत. बाबा एकदा म्हणाले, “झालं की आप्पा, काढा आता.” तर आजोबा चिडले. म्हणाले, “चावी देऊन एकदम हात काढला तर दाते तुटतात. आधी किल्ली हलकेच मागे येऊ द्यायची, खटका बसू द्यायचा, मगच हात काढायचा. कुत्र्यासारखी झडप घालून घड्याळाला चावी देतात का?” मग ते किल्ली हळूच पुढे ओठांकडे येऊ देतात, कान देऊन जरा थांबतात आणि मग बाहेर काढतात. इतकं हळुवार, की मला कळतसुद्धा नाही. शेवटी माझ्या गालावर टिचकी. “चाललं यंत्र.”

आवडलं का तुमच्या लॅबला?

ठकी


२५ ऑक्टोबर

ठके! ठके!! ठके!!!

सापडलं! अगं सापडलं! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरच्याच्या हातून साचा पडला!

तुझं हाड कोवळं आहे की पक्कं, हे अजून कोळ्याने विचारलेलंच नाही. स्क्रू फिरतच नाहीये! आप्पा तो फिरवतात आणि स्वतःच्याच हाताने परत जागेवर आणून ठेवतात. रोज! घड्याळाच्या स्प्रिंगला चावी दिली की आत खटका असतो, तो दात्यात बसून स्प्रिंगला धरून ठेवतो. किल्ली जरा मागे सोडली की तो नीट बसतो. मी पाचवीत असल्यापासून आप्पांनी मला हेच शिकवलंय, हात सैल सोड, खटका बसू दे. पण कोळ्याला खटका नसतो गं! त्यात किल्ली परत येऊ दिली की स्क्रू उलटा फिरतो. संपलं! ती घशाकडे ढकलायची आणि तिथूनच सरळ खाली काढून घ्यायची.

आणि तू म्हणे वाघीण! दुखणार काय, कपाळ? काही हललंच नव्हतं!

आता खरं सांगते. मागच्या पत्रात मी नुसता आव आणला होता. मला वाटलं, माझाच कोळी खोटा निघाला. त्याच खोक्यातले राहिलेले स्क्रू मी एकेक करून फिरवून बघितले. सगळे ठणठणीत.

आता कान इकडे कर. आप्पांना हे सांगायचं नाही. दुकान गेल्यापासून तेवढं एकच काम त्यांच्या हातात आलंय आणि त्यातही चूक काढली तर ते मोडून पडतील. डॉक्टरांनी वडिलांनीच फिरवायला सांगितलंय म्हणायचं, आणि बाबाने किल्ली घ्यायची. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन आप्पाच उचलतात आणि त्यांच्याशी खोटं बोलायला गेलं की माझी त-त-प-प होते. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. वेळ आहे, पण उधळायला नाही!

आत्या


२८ ऑक्टोबर

आत्या,

तुझी युक्ती पार फसली.

पत्र वाचून मी आणि बाबा गच्चीवर जाऊन नाचलो. मग खाली येऊन बाबांनी आजोबांना डॉक्टरांचं सांगितलं. आजोबांनी दोरा सोडला, किल्ली पुसली आणि बाबांच्या हातावर ठेवली. मग बाबांनी माझ्या तोंडात हात घातला. किल्ली जिभेला लागली, हिरडीला लागली, भोक सोडून सगळीकडे लागली. रक्त आलं. आई ओरडली, बाबांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशीही तेच. आईने करून बघितलं, तर तिचा हात तोंडापाशी येईपर्यंतच लटलटायला लागला. म्हणजे आता कुणीच फिरवत नाहीये. तेलही गेलं, तूपही गेलं.

आजोबांनी खिडकीतली खुर्ची उचलून आत नेली. काल मी त्यांच्याजवळ बसले तर म्हणाले, “डॉक्टर परगावी आहेत ना गं? मग सांगितलं कुणी?” मी उगीच खुर्चीची धूळ पुसायला लागले. मग त्यांनी विचारलं, “माझा हात कापतो का?” मी म्हटलं, “नाही आजोबा, मुळीच नाही.” ते हसले, पण त्यांना ते खरं वाटलं नाही. ते दिवसभर स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बघतात. आत्या, त्यांचा हात अजिबात कापत नाही! उलट सगळ्या घरात तेवढा एकच हात कापत नाही!

मला त्यांच्याच हातून फिरवून घ्यायचंय. दुसऱ्या कुणाला मी तोंड उघडून देणार नाही. आठ तारीख आली, आत्या. तू सांग त्यांना. तू त्यांची मुलगी आहेस.

ठकी


३० ऑक्टोबर

आप्पा,

मायना घालत बसत नाही, मुद्द्याचं लिहिते. डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. ते खोटं होतं आणि ते मी रचलं होतं. तुमच्या मुलाला रागावू नका, मला रागवा.

तुमचा हात कापत नाही. तुम्ही चुकताय.

किल्ली मागे ढकलल्यावर तुम्ही ती परत पुढे येऊ देता, खटका बसावा म्हणून. या स्क्रूला खटका नाही, आप्पा. आत नुसते आटे आहेत. तुम्ही पुढे येऊ दिलीत की सगळं केलेलं पुसलं जातं. पोरीच्या तोंडात अजून काहीच हललेलं नाही. आठ तारखेला डॉक्टर बघतील आणि हाड पक्कं झालंय समजून कोळी काढून टाकतील. पुढे ऑपरेशन. ती घाबरली आहे, तुम्हाला दाखवत नाही एवढंच.

मागपर्यंत ढकला, तिथेच हात थांबवा आणि किल्ली सरळ खाली ओढून घ्या. पुढे आणू नका. तुमच्या हाताला सवय मोडायला जड जाईल, मला माहीत आहे. माझ्या हातालाही गेलं होतं. पण त्या घरात हे काम करू शकेल असा दुसरा कुणी नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तुमची मुलगी


३ नोव्हेंबर

पोरी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

पहिली गोष्ट. खटका नसलेलं यंत्र बनवलं कुणी? तू. एवढीशी पट्टी आणि एक स्प्रिंग बसवली असतीस तर स्क्रू उलटा फिरला नसता. मी आकृती काढून सोबत जोडली आहे. तुझ्या साहेबांना दाखव. नाही म्हणाले तर कारण लिहून माग.

दुसरी गोष्ट. तू मला चुकलात म्हणून लिहिलंस. या घरात मला असं कुणी म्हणत नाही. मी भिंतीवरचं चित्र तिरकं लावलं तरी “असू दे आप्पा, छान आहे” म्हणतात, आणि मी वळलो की सरळ करतात. दुकानात गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं, घड्याळ मागे पडतंय, परत उघडा. मी उघडत होतो. तुझं वाक्य वाचलं आणि मला राग आला, मग बरं वाटलं, मग पुन्हा राग आला. सध्या बरं वाटतंय.

तिसरी गोष्ट. पत्र आलं त्याच सकाळी खुर्ची पुन्हा खिडकीपाशी मांडली. किल्ली मागे ढकलली. हात पुढे यायला बघत होता, सवय ती. मी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि किल्ली खाली काढली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा जीव गेला. मी म्हटलं, “काय झालं? लागलं का?” तर ती स्टुलावरून उडी मारून ओरडायला लागली, “लागतंय! आजोबा, लागतंय! नाकापाशी लागतंय!” तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली. तीही “लागतंय?” म्हणून हसायला लागली. पोरगी दुखतंय म्हणून ओरडते आणि सगळं घर हसतं. बाहेरच्या माणसाने बघितलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं.

दवाखान्यातल्या बाईंना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, आठ तारखेची मुदत वाढवा, चूक माझी आहे, हाडाची नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून सांगते. अजून काही कळवलं नाही. मी रोज फिरवतो आहे.

आप्पा


९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पडली! पडली! पडली!

कुणाला आधी दिसली सांगू? मलाच नाही! काल दवाखान्यात जायचं म्हणून मी सकाळी मुद्दाम आरशात बघितलं नाही, हिंमतच झाली नाही. स्टुलावर बसले. आजोबांनी भिंग लावलं, “दार उघडा” म्हणाले आणि किल्ली बाजूला ठेवली. मला वाटलं, काहीतरी बिनसलं. मग त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं आणि आईला हाक मारली. आई टॉर्च घेऊन आली आणि तिने माझ्या तोंडाची पापीच घेतली. बाबांनी कागद घातला. आरपार गेला! आई जिना उतरून शेजारच्या काकूंना सांगून आली, “आमच्या मुलीला फट पडली!” हीच ती, जिच्यापुढे हा शब्द काढायची चोरी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी किल्लीची गोष्ट ऐकूनच घेतली नाही, कारण माझं तोंड बघून ते हसायलाच लागले. मग एक्स-रे काढला. काळी रेघ मध्यभागी, वरपासून खालपर्यंत. “उघडली,” ते म्हणाले. “ऑपरेशनचं नाव काढायचं नाही आता. पण फिरवणं अजून थांबवायचं नाही. घरी कोण फिरवतं?”

बाहेरच्या खोलीत बाकावर माणसं बसली होती, दार उघडं होतं. आजोबा उभे राहिले आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, “मी फिरवतो. आधी चुकीचं फिरवत होतो. आता बरोबर फिरवतो.” एक बाई वळून बघायला लागल्या. आजोबांनी त्यांनाही सगळं समजावून सांगितलं, खटक्यासकट. त्या बिचाऱ्या स्वतःच्या दाढेसाठी आल्या होत्या.

आता माझा ‘स’ आणखीनच बिघडलाय. कोळ्याच्या जोडीला फटीतून शिट्टी वाजते. आई म्हणते, बोलू नकोस, गाडी सुटल्यासारखी वाटते. पण मी दिवसभर बोलतेय. आज रात्री तुला फोन करणार आहे, ठेवून देऊ नकोस.

आज सकाळी आजोबांनी किल्ली ढकलली, मागपर्यंत नेली आणि सरळ खाली काढून घेतली. नाकापाशी मस्त दुखलं. मला वाटलं झालं, म्हणून मी तोंड मिटायला लागले. पण त्यांनी माझी हनुवटी तशीच धरून ठेवली आणि भिंगाचा डोळा फटीपाशी आणला. मी तोंड उघडं ठेवूनच विचारलं, “झालं ना आजोबा? उठू का?”

ते म्हणाले, “थांब गं. जरा बघू दे.”

तुझी,
ठकी